एक्केचाळीस जीबीची पाठवणी

टक्.

घरात त्या वेळी इतकी शांतता होती, की मागच्या खोलीत दार लावून बसलेल्या मला हा आवाज स्पष्ट ऐकू आला. एरवी आमच्याकडे खटक्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता कधी नसते. त्या मंगळवारी ती मी स्वतः लागू केली होती. नवऱ्याने ऑफिसच्या मीटिंगा चेहरा न दाखवता उरकायच्या, कुणी फोनवर व्हिडिओ बघायचे नाहीत, लेकीने कार्टून मागायचं नाही. आवाजाचा आणि इंटरनेटचा काही संबंध नाही हे मला कळतं. पण घरात कुणी खुर्ची जरी सरकवली तरी पडद्यावरची निळी पट्टी दचकेल असं मला वाटत होतं. कारण एक फाईल चालली होती. आदल्या दुपारपासून चालली होती आणि चौऱ्याण्णव टक्क्यांपर्यंत पोचली होती.

टक् झालं आणि पट्टी थांबली.

मी बाहेर आले. सासूबाई कोपऱ्यातल्या राउटरपाशी उभ्या होत्या, हात अजून खटक्यावर, चेहऱ्यावर एक काम हातावेगळं केल्याचं समाधान.

"आई, हे काय केलंत?"

"उगाच लुकलुकत होतं. खोलीत कुणी नाही आणि हा आपला जळतोय एकटाच."

सासूबाई दिवसातून चार वेळा घरभर फिरून खटके बंद करतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघते आहे. त्यात वैर कुणाशीच नसतं. न्हाणीघरात माणूस असतानाही दिवा जातो, आतून ओरड झाली की परत येतो. इतक्या वर्षांत आम्ही सगळे ओरडायला शिकलो. राउटर मात्र ओरडू शकत नाही.

"परत लावू का?" त्यांनी विचारलं.

लावला. पट्टी शून्यावर आली आणि एखाद्या शहाण्या मुलासारखी पुन्हा पहिल्या टक्क्यापासून मोजायला लागली.

आता या फाईलबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून एक एजन्सी चालवतो. जाहिराती, छोट्या फिल्म, कंपन्यांची माहितीपत्रकं. जाऊबाई, म्हणजे माझ्या वहिनी, गिऱ्हाइकांकडे जातात आणि बोलतात. मी मागच्या खोलीत बसते आणि त्या जे बोलून आल्या ते करते. या वेळचं गिऱ्हाईक पंखे बनवणारं होतं. त्यांनी आवाज न करणारा पंखा काढला होता आणि त्याची चार मिनिटांची फिल्म आमच्याकडून हवी होती. शुक्रवारी चार वाजता मोठे साहेब ती त्यांच्या मोठ्या पडद्यावर बघणार होते. पसंत पडली तर पुढच्या वर्षभराचं सगळं काम आमचं.

आणि नाही पडली, किंवा पोचलीच नाही, तर? माझ्या टेबलाच्या खणात एक पत्र होतं. एका मोठ्या, नाव असलेल्या एजन्सीचं. नोकरी, नऊ ते सहा, उत्तर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत. पत्र चांगलं होतं. त्यात वाईट एवढंच होतं, की नऊ आणि सहा यांच्या मध्ये माझी साडेचार वर्षांची लेक येत होती. वर्षभराचं काम मिळालं तर मागची खोली राहणार होती, दाराखालून आत सरकवलेली तिची चित्रं राहणार होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू ठरवशील ते." हे वाक्य तो इतक्या प्रेमाने म्हणतो, की त्यावर भांडताही येत नाही.

लेकीला आम्ही भुंगा म्हणतो. कारण सांगायला नको, पाच मिनिटं तिच्याजवळ बसलं की कळतं. फिल्ममध्ये झोपलेलं मूल दाखवायचं होतं आणि भुंगा दुपारी झोपलेली होती, म्हणून तीच फिल्ममध्ये गेली. तिचा श्वास मी पलंगाखाली माइक ठेवून, स्वतःचा श्वास रोखून, तीन दुपारी टिपला होता. सगळी फिल्म त्या श्वासावर उभी होती. पंखा फिरतोय, पडदा हलतोय, आणि ऐकू येतोय तो फक्त एका लहान मुलीचा श्वास. अडचण एवढीच, की फाईल आवळून लहान केली की यंत्र पहिल्यांदा तो श्वासच कचरा समजून काढून टाकायचं. म्हणून ती होती तशीच पाठवायची होती. एक्केचाळीस जीबी.

"गेली की आपल्याकडे काय राहील?" भुंग्याने पट्टीकडे बघत विचारलं. आपण स्वतः त्या पट्टीत बसून कुठेतरी चाललो आहोत अशी तिची समजूत होती.

"सगळंच राहील. पाठवलं तरी इथलं संपत नाही."

"म्हणजे मी तिकडे पण आणि इथे पण?"

"हो."

तिला ते फार आवडलं. सासूबाईंना नाही आवडलं. "एकच वस्तू दोन ठिकाणी? पसारा नुसता," त्या म्हणाल्या.

फाईल अडकली आहे ही बातमी इमारतभर पसरली आणि खालचे रेंजकाका वर आले. रेंजकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. खात्यातून ते निवृत्त झाले, तारांमधून नाही. त्यांनी राउटरकडे एखाद्या आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं बघितलं.

"किती वजन म्हणालीस?"

"एक्केचाळीस जीबी, काका."

"आणि ठेवलायस कुठे, तर जमिनीवर! अगं, एवढं वजन खालून वर चढवायचं म्हणजे ते दमणारच. उंचावर ठेव. उंचावरून सरळ घरंगळतं."

राउटर कपाटावर गेला. मग बॅगांवर गेला. मग खिडकीत, मागे स्वयंपाकघरातली तीन स्टीलची झाकणं उभी करून. काकांनी चहा घेतला, पट्टीकडे बघितलं, झाकण अर्धा इंच डावीकडे सरकवलं, परत बघितलं. वेग होता तेवढाच राहिला.

"मी म्हणतो, लोकांना पंखा बघायचाय ना? मग त्यात पोरीचा श्वास कशाला? काढून टाक. हलकं होईल."

भुंगाच मध्ये बोलली. "तो माझा आहे," ती म्हणाली. काका झाकणं तशीच सोडून खाली गेले. पुढचे तीन दिवस आम्ही झाकणांशिवाय स्वयंपाक केला, कारण न जाणो.

बुधवारी सकाळी फाईल गेली. मी लिंक पाठवली, हात धुतले, आरशात स्वतःकडे बघून घेतलं. दहा मिनिटांत पंखा कंपनीच्या मार्केटिंगबाईंचा फोन.

"लिंक उघडत नाहीये हो. लाल पाटी येतेय. 'अनोळखी ठिकाण' म्हणून."

"पण या वेळी लिंक तुम्हीच मागितलीत. गेल्या वेळी तर वहिनी पेनड्राइव्हच घेऊन आल्या होत्या."

"तेव्हा आमच्याकडे सुरक्षा विभाग नव्हता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. जवळपास कुणीतरी असावं. "आता आहे."

या विभागाचा प्रमुख कोण ते आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून वहिनींनी त्याचं नाव दरवान ठेवलं. दरवानाचं म्हणणं लेखी आलं. बाहेरच्या कुठल्याही लिंका उघडणार नाहीत. पेनड्राइव्ह नाही. बाहेरचा संगणक आमच्या पडद्याला जोडणार नाही. फाईल फक्त कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दालनातून येईल, आणि दालनाची किल्ली पुरवठादार संस्थेने सोबतचा अर्ज भरल्यावर मिळेल.

अर्ज नऊ पानी होता. कर्मचारी संख्या: दोन. इथपर्यंत ठीक. संस्थेचा शिक्का. हा नव्हता. भुंग्याकडे मात्र होता, निळ्या शाईचा, बदकाचा. मी खूप वेळ त्या बदकाकडे आणि त्या चौकोनाकडे बघत राहिले. शेवटी चौकोनात बदक उमटवलं. दिसायला ते इतकं आत्मविश्वासपूर्ण दिसत होतं, की काही म्हणायला कुणाची छाती झाली नसती.

मग सहावं पान. 'सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव, अनुभव व संपर्क क्रमांक. हा रकाना रिकामा ठेवू नये. संस्थापकांनी स्वतःचं नाव देऊ नये.'

मी वहिनींना फोन लावला.

"आईंचं नाव टाक," त्या म्हणाल्या.

"वहिनी, आई? आणि सुरक्षा अधिकारी?"

"का? दिवसभर घरात कोण असतं? दार कोण उघडतं? त्या नळवाल्याला तीनदा ओळखपत्र मागून परत कुणी पाठवलं?"

"तो नळ अजून गळतोय, वहिनी."

"गळू दे. माहिती तर नाही ना गळत? अनुभव लिही बत्तीस वर्षं."

मी लिहिलं. यात खोटं असं काही नव्हतं. फक्त सासूबाईंना सांगायचं राहून गेलं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता दरवानाने पडताळणीसाठी फोन केला. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "आपण नको. जबाबदार व्यक्तीला द्या." मी संस्थेची संस्थापक आहे हे मी त्याला सांगितलं नाही. काही अपमान गिळायचे असतात, विशेषतः अंतिम मुदत जवळ असताना. फोन सासूबाईंच्या हातात दिला, स्पीकर लावला, आणि हाताने खुणा करायला लागले. खुणांकडे बघायची त्यांना सवय नाही.

"मॅडम, आपल्याकडे ये-जा कशी नियंत्रित होते?"

"ये-जा? विचारल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. बाहेर जाणाऱ्यालाही विचारते, कुठे चाललास आणि कधी येणार."

"नोंद ठेवता?"

"लक्षात ठेवते."

"वापरात नसलेली उपकरणं?"

"बंद. तिथल्या तिथे. दिवसातून चार वेळा फिरते मी."

"चार वेळा?" पलीकडचा आवाज एकदम हळवा झाला. "आमच्याकडे महिन्यातून एकदा होतं. तेही सांगून-सांगून."

"माणसं आळशी असतात हो."

"अगदी खरं बोललात. आणि पासवर्ड, मॅडम?"

"ते मला ठाऊकच नाहीत. ठाऊक नसलं की तोंडातून जात नाही."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. बहुधा तो लिहून घेत होता. दुपारी बारा वाजता मंजुरी आली, आणि शेरा होता, 'अधिकारी अत्यंत सजग.' सासूबाईंनी तो मला दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "पण मी अधिकारी कशाची?" मी सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि त्या दिवशी खटके बंद करायला पाचव्यांदा निघाल्या. राउटरपुढे मी आडवी उभी राहिले.

दालनाचे नियम असे होते. एका वेळी दोन जीबीच. म्हणजे फाईलचे एकवीस तुकडे करायचे. दालन सकाळी दहाला उघडणार, संध्याकाळी सहाला मिटणार, दुपारी एक ते दीड जेवणाची सुट्टी. संगणक कधी जेवतो हे मी मार्केटिंगबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "आमच्याकडचा जेवतो." आणि प्रत्येक तुकड्यासाठी सहा आकड्यांचा एक नवा क्रमांक सुरक्षा अधिकाऱ्याच्या फोनवर येणार. नव्वद सेकंदांत तो दालनात भरायचा.

सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन बंद असतो. उगाच कशाला बॅटरी खर्चायची. तो चालू ठेवायला त्यांना राजी करण्यात अर्धा तास गेला. मग पहिला क्रमांक आला. सासूबाईंनी फोन छातीशी धरला.

"आई, आकडे सांगा."

"नाही सांगता येणार."

"का?"

"फोनमधली बाई रोज सांगते. आलेला क्रमांक कुणालाही सांगू नये."

"अहो आई, मी आहे! मी काय परकी आहे का?"

"परकी कशी असशील गं? पण ती 'कुणालाही' म्हणते. त्यात तू आलीसच की." त्या जरा विरघळल्या. "तू माझी सून आहेस म्हणून तर नाही सांगत. उद्या काही झालं तर तुझ्यावर यायला नको."

नव्वद सेकंद संपले. दुसरा क्रमांक आला, तोही संपला. तिसऱ्या वेळी तोडगा निघाला तो भुंग्याच्या डोक्यातून. आजीने कुणालाही सांगायचं नाही, पण आजी स्वतः दाबू शकते. तेव्हापासून सासूबाई माझ्या खुर्चीवर बसल्या आणि मी मागे उभी राहिले. त्या एक आकडा फोनमध्ये बघायच्या, चष्मा वर करायच्या, कीबोर्डवर तो शोधायच्या, दाबायच्या, आणि परत फोनकडे जायच्या. सहा आकड्यांना पंच्याऐंशी सेकंद लागायचे. उरलेल्या पाचांत मी एकदाही श्वास घेतला नाही. आणि मी डोकावले की त्या हाताने पडदा झाकायच्या.

गुरुवारी सहापर्यंत दहा तुकडे गेले. शुक्रवारी दोन वाजायला दहा मिनिटं कमी असताना अठरावा गेला. तीन राहिले होते आणि चारला दोन तास होते, म्हणजे जमत होतं. वहिनी साहेबांना बोलण्यात गुंतवायला केव्हाच पंखा कंपनीत जाऊन बसल्या होत्या. एकोणिसावा तुकडा मी दालनात ढकलला आणि पडद्यावर एक सौम्य, करड्या रंगाची पाटी आली. 'देखभालीसाठी दालन आज दोन ते सहा बंद राहील.'

मी दरवानाला फोन लावला.

"दर शुक्रवारी असतं हे," तो म्हणाला. "नियमावलीत आहे. पान अकरा."

"आज चारला साहेबांना फिल्म बघायची आहे हो!"

"त्यासाठी पान बारा आहे. अपवाद म्हणून डिस्क प्रत्यक्ष आणता येते. मात्र सुरक्षा अधिकारी स्वतः सोबत हवेत."

"मी घेऊन येते, आत्ता निघते."

"आपण सुरक्षा अधिकारी आहात का?"

"मी संस्थापक आहे," मी शेवटी म्हणाले. काल सकाळपासून गिळलेलं होतं ते.

"मग नाही चालणार," तो म्हणाला.

नवऱ्याची मीटिंग होती, तोंड दाखवण्याची. म्हणून टॅक्सीत आम्ही तिघी बसलो. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन, भुंगा खिडकीशी, आणि मध्ये सुरक्षा अधिकारी, पर्समध्ये डिस्क, पर्सवर दोन्ही हात. भुंग्याने विचारलं, "मी आत्ता पर्समध्ये पण आहे का?" आहेस म्हटलं. "आणि घरी पण?" घरी पण. ती खूश होऊन खिडकीबाहेर बघायला लागली. पंचवीस मिनिटांत पोचलो. टॅक्सीवाल्याने डिस्कच्या वजनाबद्दल काही तक्रार केली नाही.

फाटकावर माझं ओळखपत्र दोनदा तपासलं. लॅपटॉप कशालाही जोडणार नाही असं लिहून घेतलं. बदकाचा शिक्का अर्जातल्या बदकाशी ताडून बघितला. भुंग्याने तो खिशात आणला होता म्हणून, नाहीतर तिथेच संपलं असतं. सासूबाईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांना घ्यायला दरवान स्वतः खाली आला होता.

ज्या माणसाला मी तीन दिवस मनातल्या मनात मिशा लावून ठेवल्या होत्या, तो एक किडकिडीत, चष्मा लावलेला, एखाद्या शाळेतल्या सरांसारखा दिसणारा गृहस्थ निघाला. त्याने सासूबाईंपुढे मान झुकवली.

"मॅडम, आपल्याला आमची व्यवस्था दाखवायची फार इच्छा होती."

"दाखवा," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी हिचं काम."

डिस्क तपासायला चाळीस मिनिटं लागणार होती. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही एका काचेच्या खोलीत उभ्या होतो. आत माणसाइतकी उंच काळी कपाटं, आणि कपाटांत दिवे. हिरवे, निळे, पिवळे, शेकड्यांनी, सगळे लुकलुकणारे. इथे कंपनीचा सगळा जीव असतो, असं दरवान अभिमानाने म्हणाला आणि नोंदवही आणायला शेजारच्या खोलीत गेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी होत्या.

"अगं, कुठे आहेस? माझे विषय संपले! साहेबांना मी आता त्यांच्याच पंख्याची पाती समजावून सांगतेय. अचानक साडेपाचचं विमान ठरलंय म्हणतात, चारपर्यंत थांबणार नाहीत, पावणेचारला निघतील!"

"आलेच, वहिनी. फक्त चाळीस मिनिटं."

"आजी, बघ किती दिवे!" मागे भुंगा म्हणाली.

मी वळले. वळतानाच मला कळलं होतं. सासूबाई भिंतीवरच्या एका मोठ्या लाल खटक्यापुढे उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो मंगळवारचा भाव होता.

"आई, नका—"

टक्.

इमारतीला एवढा आवाज असतो हे तो थांबल्यावर कळतं. आधी कपाटं थांबली, मग एसी, मग कुठे कुठे घरघरणारं जे काही असतं ते. बॅटऱ्यांनी चालायला हवं होतं, पण बॅटऱ्या बदलायचा अर्ज मंजुरीत होता, हे मागाहून कळलं. मजल्यावरच्या साठ-सत्तर माणसांनी एकाच वेळी काम थांबवलं आणि एकमेकांकडे बघितलं.

"खोलीत माणूस नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

दरवान दारात उभा होता, नोंदवही हातात घेऊन. सगळं पुन्हा सुरू करायला किती वेळ लागेल असं मी विचारलं. "दोन तास," तो म्हणाला. "पान सतरा." त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. मला एकदम त्याची दया आली. मला कुणाची दया यायची ती वेळ नव्हती, पण येते.

मी डिस्क तिथेच टाकली. भुंग्याचा हात धरला आणि बैठकीच्या खोलीकडे धावले. आत अंधूक उजेडात साहेब, मार्केटिंगबाई, पाचसहा अधिकारी आणि थकलेल्या वहिनी बसल्या होत्या. मोठा पडदा काळा होता. साहेब उठतच होते.

"चार मिनिटं," मी म्हणाले आणि लॅपटॉप टेबलावर उघडला.

"बाहेरचा संगणक चालत नाही ना?" कुणीतरी पुटपुटलं.

मागून दरवानाचा आवाज आला. तो धापा टाकत होता. "कशाला जोडलेला नाही," तो म्हणाला. "चालेल."

साहेब बसले. एवढीशी चित्रचौकट, त्याभोवती सगळे वाकलेले. आणि पंखे विकणाऱ्या त्या इमारतीत, बहुधा ती बांधल्यापासून पहिल्यांदाच, काहीही घरघरत नव्हतं. दुपारची खोली. पडदा हलतो. कपाळावरचे केस उडतात. आणि श्वास. आत, बाहेर. मध्ये एकदा नाक चोंदल्यासारखा किंचित अडकतो, तो मी मुद्दाम ठेवला होता. मोठ्या पडद्यावर, एसीच्या आवाजात, तो कुणाला ऐकूच गेला नसता. माझ्या ते आजवर लक्षात आलं नव्हतं.

चार मिनिटं झाली.

"पंखा चालू होता?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"ऐकू आला नाही."

"नाही, साहेब."

"ती मीच आहे," भुंगा टेबलाच्या कडेखालून म्हणाली. "आता मी इथे पण आहे."

साहेब तिच्याकडे बघून हसले. मग बाकीच्यांकडे न हसता बघितलं. "इतकं चांगलं काम मला आज का दिसतंय?"

"त्या पाठवत होत्या, साहेब," मार्केटिंगबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"राहतात कुठे? परदेशात?"

"टॅक्सीने पंचवीस मिनिटं."

साहेबांनी मनात काहीतरी हिशोब केला. तो बहुधा जुळला नाही. ते उभे राहिले, वहिनींशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला.

"वर्षभराचं काम तुमचं. पण हे पाठवापाठवीचं प्रकरण मला पुन्हा नको. तुम्हीच इथे येऊन बसा. सोमवारपासून. स्वतंत्र खोली देतो, टेबल देतो. नऊ ते सहा."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. माझ्या खणातलं पत्र त्यांना माहीत होतं. मी काय म्हणावं? ज्याच्यासाठी पाच दिवस धावले ते मिळालं होतं, आणि ज्याच्यापासून पळाले तेही त्याच्यासोबत आलं होतं, नऊच्या नऊ आणि सहाच्या सहा. आमची एजन्सी, आमचं काम, आणि तरी. वहिनींच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्या माणसाला त्यांनी दोन तास पात्यांवर बोलत ठेवलं होतं.

"हो," मी म्हणाले. "चालेल, साहेब."

निघताना नोंदवहीत सही करायची होती, तेव्हा दरवानाने काय लिहिलंय ते वाचलं. 'पुरवठादार संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडून आकस्मिक तपासणी. त्रुटी आढळली: मुख्य खटका उघड्यावर, कुलूप नाही. तातडीने सुधारणा करावी.' सासूबाईंनी खाली सही केली, आणि शेजारी भुंग्याने बदक उमटवलं.

"हुशार आहे मुलगा," टॅक्सीत सासूबाई म्हणाल्या. "जरा धांदरट आहे, पण शिकेल."

घरी आलो तेव्हा सहाला वीस मिनिटं होती. खणातलं पत्र काढलं, त्या मोठ्या एजन्सीला नकार कळवला. दोन ओळींचा होता, एका क्षणात गेला, कुणी अर्ज मागितला नाही. मग खिडकीतली तीन झाकणं गोळा करून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. सासूबाईंना म्हटलं, सोमवारपासून भुंगा दिवसभर तुमच्याकडे. त्या म्हणाल्या, "माझ्याकडेच असते की. तूच नव्हतीस मागच्या खोलीत, दार लावून?" आणि दिवे बघायला गेल्या.

त्यांचं खरं होतं. पण दाराखालून चित्रं येत होती.

मागच्या खोलीत आले तर भुंगा माझ्या खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. पडद्यावर ती स्वतः झोपली होती आणि श्वास घेत होती. ती फार लक्ष देऊन बघत होती.

"ही तिकडे गेली ना?"

"गेली."

"आणि तरी इथे आहे."

"आहे."

तिने माझा हात ओढून घेतला आणि तो उलटासुलटा करून बघितला, जणू त्यावर कुठेतरी लिहिलेलं असेल.

"मग सोमवारी तू गेलीस, की तुझी पण एक इथे राहणार ना?"